चामडी होल्स्टर घेताना: सोलापूर भागातल्या परवानाधारकांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न शेतावर, वस्तीवर किंवा आडरस्त्याने परवान्याचं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल घेऊन जाणाऱ्यांचे आहेत. इथे ‘चाप’ म्हणजे ट्रिगर आणि ‘घोडा’ म्हणजे मागचा हॅमर. गावाकडे दोन्हींना घोडाच म्हणतात, आणि कारागिराला सांगताना त्यातूनच घोळ होतो. खाली जिथे जिथे ‘घालून बघा’ असं लिहिलं आहे, तिथे हत्यार मोकळं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चेंबर (गोळी बसते ते घर) दोनदा तपासून, असं समजा.

होल्स्टर घेताना सगळ्यांत आधी काय बघायचं?

चापाची कडी. हत्यार आत गेल्यावर चाप आणि त्याभोवतीची कडी दोन्ही बाजूंनी चामड्यात पूर्ण बुडाली पाहिजे. बाहेरून बोटाने दाबलं तर चामडं आत दबून चापाला लागता कामा नये. एवढं जमत नसेल तर ते होल्स्टर कितीही देखणं असो, परत ठेवा.

दुसरं, तोंड. हत्यार काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. ते मिटत असेल तर हत्यार परत घालताना दुसऱ्या हाताने तोंड उघडावं लागतं आणि तो हात नळीसमोर येतो. म्हणून चांगल्या होल्स्टरच्या तोंडाला चामड्याची दुहेरी पट्टी शिवलेली असते.

तिसरं, ते पट्ट्यावर किती घट्ट बसतं. हत्यार उपसताना होल्स्टरही वर येत असेल तर पट्टा ओवायची फट मोठी आहे.

आराम या तिन्हींनंतर. पण त्याला गौण समजू नका. टोचणारं होल्स्टर माणूस तासाभरात काढून ठेवतो, मग रिव्हॉल्व्हर जीपच्या सीटखाली नाहीतर मोटारीच्या खोलीतल्या कोनाड्यात पडून राहतं. ते पोरांच्या किंवा गड्याच्या हाती लागायच्या जागा याच.

क्रोमचं चामडं घ्यावं की साल-हिरड्यात कमावलेलं?

साल-हिरड्यात कमावलेलं, म्हणजे कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं ओलं करून आकार दिला की वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं मऊ, पाणी जास्त सोसणारं, पर्स-जॅकेटला उत्तम. पण ते आकार धरत नाही, कालांतराने ढिलं पडतं आणि तोंडाशी घडी पडते. ती घडी चापाच्या कडीत शिरली की हत्यार आत दाबताना चाप ओढला जाऊ शकतो. जुनी, लोळागोळा झालेली होल्स्टरं धोक्याची असतात ती यामुळेच.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. साल-हिरड्याचं चामडं आतून तपकिरी-बदामी असतं, नख दाबलं की खूण राहते, वासही ओळखू येतो. क्रोमच्या चामड्याची कड बहुधा निळसर-राखाडी दिसते. रंग दिलेल्या कडेवर जाऊ नका. पट्टा ओवायच्या फटीच्या आत बघा, तिथे सहसा कुणी रंग लावत नाही.

जाडी किती हवी?

रिव्हॉल्व्हरला 3 ते 3.5 मिलिमीटर. 2.5 च्या खाली गेलात तर वर्षभरात लुळं पडतं, 4 च्या वर गेलात तर आकार नीट बसत नाही आणि कमरेला फळी बांधल्यासारखं वाटतं. आतून अस्तर असेल तर दोन्ही मिळून 3.5 पुरे.

स्पंज किंवा मखमलीचं अस्तर नको. ते घाम आणि माती धरून ठेवतं. इथल्या काळ्या मातीची धूळ त्यात बसली की प्रत्येक वेळी हत्यार काढता-घालताना पॉलिश कागद फिरवल्यासारखं होतं, आणि नळीच्या तोंडाशी पांढरे पट्टे उठतात.

माझ्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर आहे. ऑनलाइन मिळणारं होल्स्टर बसेल का?

बहुतेक वेळा ‘जवळपास’ बसतं, आणि होल्स्टरच्या बाबतीत जवळपास म्हणजे नाही.

ऑनलाइन होल्स्टरं बहुतांशी परदेशी मॉडेलांच्या मापाची असतात. त्यातली निम्मी-अधिक 9 मिलिमीटर पिस्तुलांची, आणि तो बोअर (नळीचा आतला व्यास) आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळतच नाही. रिव्हॉल्व्हरसाठी म्हणून जी विकतात ती बऱ्याचदा पाच गोळ्यांच्या छोट्या चक्रीची (चक्री म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग) असतात. आपलं .32 सहा गोळ्यांचं, नळी 3 इंच म्हणजे साधारण 76 मिलिमीटर, वजन 700 ग्रॅमच्या आसपास. 2014 मध्ये आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर त्याच अंगाचं, पण टायटॅनियम मिश्रधातूचं असल्याने 500 ग्रॅमच्या आसपास.

खरी अडचण दुसरीच आहे. ही रिव्हॉल्व्हरं जुन्या वेब्ली पद्धतीची, म्हणजे मधून मोडून उघडणारी. नळी आणि मूठ यांना धरून ठेवणारी खिट्टी घोड्याजवळ असते आणि तिचा दांडा डाव्या बाजूला बाहेर आलेला असतो. परदेशी होल्स्टरची वरची पट्टी नेमकी त्यावर येते, किंवा चामड्याची कड त्याला घासत राहते. घालून झाल्यावर खिट्टीभोवती बोट फिरवून बघा. तिच्यावर कसलाही दाब नको, पट्टी तिच्या मागून गेली पाहिजे.

पिस्तूल असेल तर हीच काळजी सेफ्टीच्या खटक्याची घ्या. सेफ्टी लावून हत्यार दहा वेळा घाला-काढा. एकदा जरी खटका आपोआप खाली आला तर ती कड तिथे कापून घ्यावी लागेल.

कमरेवर नेमकं कुठे लावावं?

दिवसभर काय करता त्यावर ठरतं.

चालणं जास्त असेल, म्हणजे बांधावरून फिरणं किंवा बागेत चक्कर, तर उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागे लावावं. नेमकं हाडावर नको. तिथे लावलं तर दोन तासांत कातडी लाल होते.

बसणं जास्त असेल, म्हणजे ट्रॅक्टर, जीप किंवा मोटारसायकल, तर उजवीकडचं होल्स्टर सीटला अडतं, मूठ बरगडीत घुसते. अशांना आडवं, म्हणजे डाव्या बाजूला पोटाच्या पुढच्या अंगाला, मूठ उजवीकडे करून लावलेलं सोयीचं पडतं. त्याला एक उणीव आहे: मूठ समोरच्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात येते. म्हणून आडव्या होल्स्टरला वरची पट्टी आणि टिचबटण हवंच.

पाठीच्या मणक्यावर लावू नका. ओल्या बांधावरून पाय घसरून माणूस उताणा पडला तर पाऊण किलोचं लोखंड थेट मणक्याखाली येतं.

खांद्याचं होल्स्टर थंडीत, जाकिटाखाली ठीक. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला टेकतो तेव्हा खांद्यावरचे पट्टे घामाने भिजतात आणि काखेत घामोळं येतं. शिवाय त्यातल्या आडव्या नळीचं तोंड मागच्या माणसाकडे असतं. रस्त्यालगत, माणसांत वावरणाऱ्याला आम्ही ते सुचवत नाही.

पँटच्या आत खोवायचं होल्स्टर कसं?

सोलापूरच्या उन्हाळ्यात? नको. घाम थेट चामड्यात, चामड्यातून लोखंडात. बाहेरचं होल्स्टर आणि वरून सैल नेहरू शर्ट किंवा बंडी, हे इथल्या हवेला जास्त मानवतं.

होल्स्टर चांगलं आहे तरी कमरेला ओढ लागते. काय चुकतंय?

पट्टा चुकतोय. दहातल्या आठ तक्रारींत होल्स्टर बदलायची गरजच नसते.

बाजारात मिळणारा ऑफिसचा पट्टा 2-3 मिलिमीटर जाड असतो, आत पुठ्ठा आणि वर रेक्झिन. त्यावर वजन आलं की तो बाहेरच्या बाजूला पिळतो, मूठ अंगापासून लोंबते आणि सगळा भार एका बिंदूवर येतो. तो सावरायला माणूस पट्टा आणखी एक भोक आवळतो, मग पोटावर वळ उठतात. पट्टा 38 मिलिमीटर रुंद, अस्सल चामड्याचे दोन थर शिवून एकूण 4.5 ते 5 मिलिमीटर जाड घ्या. जमिनीला समांतर धरून टोक मोकळं सोडा. एक वीतभर भाग सरळ राहून मग वाकला तर पट्टा कामाचा. लगेच मान टाकत असेल तर नाही.

होल्स्टरची फटही 38 चीच हवी. 50 मिलिमीटरच्या फटीत 38 चा पट्टा घातला की होल्स्टर चालताना मागे-पुढे सरकतं. पँटच्या लूप लांब-लांब असतील तर शिंप्याकडून दोन जादा लूप टाकून घ्या, त्यातली एक होल्स्टरच्या अगदी मागे. पट्टा तिथे टेकला की होल्स्टर जागचं हलत नाही.

धोतर-पायजम्यावर वापरणाऱ्यांनी नाडीवर भरवसा ठेवू नये. आतून स्वतंत्र चामडी कंबरपट्टा बांधा आणि होल्स्टर त्यावर लावा.

तिरपं असावं की सरळ?

उजव्या कुल्ल्यामागे लावणार असाल तर मूठ 10 ते 15 अंश पुढे झुकलेली. सरळ लावलं तर शर्टावर मुठीचा उंचवटा दिसतो. आडव्याला उलटा कल.

टिचबटणाची पट्टी लागतेच का? नुसतं घट्ट बसलेलं पुरत नाही?

शेतात, गाडीवर, उसात शिरताना लागतेच. नुसतं घट्ट बसणं शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाला पुरतं.

बटण पितळी घ्या, लोखंडी नको, घामाने लोखंडी बटण गंजून अडकतं. अंगठ्याने आतून दाबून उघडणारी पट्टी बरी. तिच्या आतल्या थरात पातळ पत्रा घातलेला असतो, तो नसेल तर दोन महिन्यांत ती मऊ पडते आणि बटण उघडायला दोन हात लागतात. रिव्हॉल्व्हरला पट्टी घोड्याच्या मागून जाऊ द्या, म्हणजे उसाचं पान किंवा बाभळीची फांदी घोड्याला अडकत नाही.

घरी एक परीक्षा घ्या. मोकळं हत्यार घालून बटण न लावता होल्स्टर गादीवर उलटं धरा आणि हलकेच दोनदा झटका. पडता कामा नये. मग बटण लावून जोरात हलवा.

इथल्या कारागिराकडून बनवून घेता येईल का? रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे ठेवावं लागेल का?

बनवून घेता येतं आणि बऱ्याचदा तेच उत्तम बसतं. पण रिव्हॉल्व्हर ठेवायचं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, दुसऱ्याच्या ताब्यात हत्यार देणं गुन्हा ठरतो. त्यावर उपाय म्हणजे लाकडी साचा.

घरी, मोकळ्या हत्याराची मापं घ्या: नळीच्या टोकापासून चापाच्या कडीच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, चक्रीची रुंदी (व्हर्नियर कॅलिपरने, मोजपट्टीने चुकते), कडीची उंची आणि नळीवरच्या माशीची (नेम धरायच्या पुढच्या उंचवट्याची) उंची. कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा. सुताराकडून सागवानी किंवा शिसवी साचा करून घ्या आणि तो घासून नेमका मापाला आणा. माशीच्या रेषेत साच्यावर 4-5 मिलिमीटर जाड काडी शेवटपर्यंत चिकटवा. ही काडी विसरली की तयार होल्स्टरमध्ये माशीला वाट राहत नाही आणि ती प्रत्येक वेळी चामड्याचे तंतू खरवडून आणते.

कारागिराला सांगायचं ते असं. दोन तुकडे कापून, मुठीच्या बाजूला अंगठा आणि तीन बोटं पूर्ण आत जातील एवढी जागा सोडायची. शिलाई हाताची, दोन सुयांची, मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याने, इंचाला 6 ते 7 टाके. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढची ओळ उसवत जाते, दोन सुयांच्या शिलाईत तसं होत नाही. चापाच्या कडीला लागून येणारी शिलाई कडीपासून चामड्याच्या जाडीएवढी दूर. त्याहून आत घेतली तर हत्यार शिरत नाही, बाहेर गेली तर खुळखुळतं.

शिलाई झाल्यावर कोमट पाण्यात मिनिटभर बुडवायचं, बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं. साच्याला प्लॅस्टिकची पातळ पिशवी गुंडाळून आत घालायचं आणि गुळगुळीत लाकडाने किंवा हाडाच्या तुकड्याने कडीभोवती, चक्रीच्या खोबणीत दाबून आकार उठवायचा. साचा आत ठेवूनच सावलीत 24 तास. उन्हात ठेवलं तर वरचा पापुद्रा आधी आक्रसतो, आतलं ओलंच राहतं आणि दोन दिवसांनी तडे दिसतात. इथे मे महिन्यात सावलीसुद्धा घरातलीच धरावी, पत्र्याच्या शेडमधली नव्हे.

नवं होल्स्टर इतकं घट्ट आहे की हत्यार निघतच नाही. तेल लावू का?

तेल नाही. खोबरेल, एरंडेल, गोडेतेल, काहीच नाही. तेलाने चामडं मऊ पडतं आणि मिळवलेला आकार जातो. खाद्यतेल वर खवट होतं, मुंग्या लागतात.

मोकळं हत्यार दुधाच्या पिशवीइतक्या जाड, स्वच्छ, कोरड्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत दाबा आणि रात्रभर कुलपात तसंच ठेवा. सकाळी पिशवी काढून दहा-पंधरा वेळा घाला-काढा. अजून घट्ट असेल तर दुसऱ्या रात्री दोन पिशव्या. तिसऱ्या रात्रीची वेळ सहसा येत नाही. आली तर शिलाई आत पडली आहे, कारागिराकडे परत न्या.

घाम, धूळ, पाऊस यांचं काय करायचं?

घरी आल्यावर हत्यार बाहेर. रोज. साल-हिरड्याच्या चामड्यात आम्ल असतं आणि ते ओलावाही धरतं. आठवडाभर आत राहिलेल्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीवर तांबूस ठिपके येतात, आणि पट्ट्याच्या चामडी घरांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळावर हिरवट मेणासारखा थर चढतो. तसली काडतुसं चेंबरमध्ये अडकतात.

होल्स्टर ओलसर फडक्याने पुसा, आतली माती जुन्या दातघासणीच्या ब्रशने झटका, सावलीत उपडं टांगा. दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात, आतून काही नाही. आपल्याकडे पाऊस बेताचा, पण सप्टेंबरातल्या परतीच्या सरींत भिजलात तर आत वर्तमानपत्राचा बोळा घालून दोन दिवस वाळवा. चुलीपुढे धरू नका. बुरशीची पांढरी पावडर आलीच तर बाहेर मोकळ्यावर ब्रशने झाडून हवेशीर ठेवा. पॉलिथिनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवल्यानेच ती आलेली असते.

निवडणुकीत हत्यार जमा करतो, होल्स्टरसकट दिलं तर चालतं ना?

पोलीस ठाण्यात घेतील, पण देऊ नका. तिथे ते महिना-दोन महिने पडून राहणार. नळी साफ करून, बंदुकीच्या तेलाचा हलका हात देऊन, सुती फडक्यात गुंडाळून द्या. होल्स्टर घरी राहू द्या आणि पावती जपून ठेवा.

हत्यार बाहेर दिसलं तर चालतं का?

नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच वेष्टनात, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. लग्नात मूठ दिसेल असा शर्ट खोचून फिरणारे स्वतःचा परवाना धोक्यात घालतात, आणि हवेत बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर थेट शिक्षा आहे.

परवान्याच्या अटींप्रमाणे खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार न्यायचं नाही. म्हणजे जानेवारीत गड्ड्याची यात्रा असो की आषाढीला पंढरपूर, ते घरी कुलपात. शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारा.

नान्नजकडे शेत आहे. वाटेत माळढोक अभयारण्य लागतं. मग?

1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. होल्स्टरमध्ये आहे, गोळ्या काढल्या आहेत, ही सबब चालत नाही. हद्द कुठून कुठे आहे ते वनखात्याच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. माळावर कुंपण सगळीकडे दिसेलच असं नाही.

हत्यार परत आत घालताना काय जपायचं?

अपघात काढताना कमी आणि घालताना जास्त होतात, कारण घालताना घाई नसते आणि लक्षही नसतं. खाली बघून घाला. बोट चापापासून दूर, नळीला समांतर. रिव्हॉल्व्हर असेल तर अंगठा घोड्यावर टेकवा. आत काही अडकून चाप दबायला लागला तर घोडा अंगठ्याखाली हलतो आणि तुम्हाला आधी कळतं.

अडकतं ते बहुतेक कापडच: शर्टाची किनार, बंडीची नाडी, गळ्यातल्या उपरण्याचं टोक. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने हे सगळं करतो, तेव्हा उपरण्याचे दशे होल्स्टरच्या तोंडात गेलेले त्याला दिसतही नाहीत. बॅटरी खाली ठेवा, डाव्या हाताने कापड बाजूला धरा, मग घाला. पाच सेकंद जातात. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, पूर्ण बाहेर काढून तोंड तपासायचं.

रिव्हॉल्व्हर जुनं असेल आणि पडल्यावर आपोआप उडणार नाही अशी आतली अडसर त्यात आहे की नाही हे माहीत नसेल, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. तोवर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरा.

होल्स्टर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

तोंड मिटायला लागलं, चापापाशी चामडं दाबल्यावर आत जाऊ लागलं, उलटं धरल्यावर हत्यार सुटू लागलं, बटण ओढ न लागता उघडू लागलं. यातलं पहिलं किंवा दुसरं दिसलं तर त्याच दिवशी वापर बंद. उरलेली दोन कारागीर दुरुस्त करू शकतो. ढिलं झालेलं चामडं पुन्हा ओलं करून साच्यावर एकदा आवळता येतं, दुसऱ्यांदा नाही.